मानस

पाद्रीबाब, मला माईकसमोर उभा करू नका.
फेस्ताला साक्ष द्यायला दुसरा कुणी बघा,
तो शिवोलीचा ड्रायव्हर आहे ना, गाडी उलटताना
ज्याला उजेड दिसला. तो छान बोलतो.
मला काही दिसलं नाही.
मी चोडणचा मानस राखणारा, पास्कोल.
माझ्या वाट्याला पाणी, आणि पाण्याचं येणंजाणं.

तुम्ही डोंगराकडचे, म्हणून सांगतो:
खाजणाच्या बांधाला जे दार असतं त्याला आम्ही मानस म्हणतो.
दोन लाकडी झापा.
भरती आली की नदीच लोटून त्या मिटवते,
ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून निघून जातं.
राखणाऱ्यानं फार काही करायचं नसतं.
मध्ये काही अडकू द्यायचं नाही, बस्स.

मी अडकवलं.

भांडण एका माडाचं होतं.
मूळ माझ्या जागेत, शेंडा लादिस्लावच्या अंगणावर.
सख्खा भाऊ. नारळ पडायचे त्याच्याकडे
आणि मला झोप यायची नाही.
आवसेच्या भरतीला भेंडीच्या लाकडाची पाचर घेऊन गेलो.
रात्रभर खारं पाणी शेतात शिरताना ऐकलं.
आवाज फारसा होत नाही. मांजर दूध पितं, तसा.

त्यानं त्या वर्षी जया पेरला होता.
आठ दिवसांत सगळं पिवळं.
गाव म्हणालं, कुर्ल्यांनी बांध पोखरला.
मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो.

मग रोज संध्याकाळी घरात प्रार्थना सुरू झाली की
'आमचे अपराध' इथपर्यंत यायचो
आणि जीभ टाळूला चिकटायची.
बायको पुढचं एकटीच म्हणायची.
तिला वाटायचं, मला दातांचा त्रास आहे.

कुमसाराला मुद्दाम थोरल्या पाद्रींकडे गेलो, कानानं अधू होते ते.
पुटपुटलो सगळं, पाचरीसकट.
जाळीपलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही, पुता.
ज्याला ऐकू जायला हवं त्याला जाऊन सांग."
आजही कळलेलं नाही मला,
खरंच ऐकू आलं नव्हतं का.

लगेच गेलो असं समजू नका.
एक अख्खं वर्ष मी दुसऱ्या वाटेनं फेरीला गेलो.

गुड फ्रायडेला गेलो. घंटा मुक्या,
इगर्जीत लाकडी खडखडा वाजत होता.
लादिस्लाव पायरीवर बसून नारळ सोलत होता,
त्याच माडाचा असावा.
मी उभ्याउभ्या सांगितलं.
त्यानं मान वर केली नाही.
"ठाऊक आहे," म्हणाला.
"तुझ्या उजव्या पायाला अंगठा नाही.
चिखलात चारच बोटं होती."

पाद्रीबाब, मी तिथं उभा राहून मोजलं.
तीन वर्षं. दर रविवारी मिसाला,
शांती द्यायची वेळ आली की
पुढच्या बाकावरून हा वळायचा
आणि माझा हात हातात घ्यायचा.
मला वाटायचं, बिचाऱ्याला काही माहीत नाही.

त्यानं अर्धा सोललेला नारळ माझ्याकडे सरकवला.
"सोल," म्हणाला. एवढंच.
मिठी वगैरे काही नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

तुम्ही विचारलंत, बदल कधी झाला.
तारीख असती तर सांगितली असती.
शेतात शिरलेलं मीठ धुवायला पावसाळे लागतात,
किती ते कुणी आधी सांगत नाही.
आता मी दर भरतीला कंदील घेऊन जातो,
झापांमधून हात फिरवतो.
काडी, पान, प्लॅस्टिकची पिशवी.
निघतं काहीतरी रोज.

यंदा कोरगुटाला लोंब्या धरल्या.
नदीकडच्या कोपऱ्यात चटईएवढी जागा
अजून पांढरी आहे, तिथं काही उगवत नाही.
मी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवतो.
खारट आहे.
गेल्या वर्षीपेक्षा कमी.